चिडीचूप झांजा

"महिनाभराची मुदत देते. एक तर आवाज जाईल, नाही तर ड्रम," घरमालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्या आमच्या बरोबर खाली राहतात. लेकीची वाद्यवृंदासाठीची निवड-चाचणी दीड महिन्यावर आलेली आणि सरावाला दुसरी जागा नाही. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

आमचे हे मात्र खुशीत. उभा जन्म कारखान्यात पत्रे ठोकण्यात गेलेला. "बाईंचं भांडण ड्रमशी नाहीच, त्या वरच्या पितळी झांजांशी आहे. पत्रा म्हणजे माझं खातं," असं म्हणून त्यांनी स्कूटरची जुनी ट्यूब कापून प्रत्येक झांजेला कडं चढवलं, खालून माझी नवीकोरी पायपुसणी बांधली आणि लेकीला फर्मावलं, "हाण!"

तिने हाणलं.

"बघ, चिडीचूप!" हे म्हणाले.

मी कानांत बोटं घालून उभी होते. दोन मिनिटांत बाई वर. "अहो, कपाटात बशा नाचतायत माझ्या!" ह्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं आणि दार लावून म्हणाले, "खोडच आहे बाईला. नसलेला आवाजही ऐकू येतो."

असं चारदा झालं. दर वेळी हे आणखी एक कडं चढवत आणि दर वेळी स्वतःच जिंकत. मला शंका यायला लागली. दारावरची बेल वाजली की हे कधीच उठत नाहीत, आणि इतकी वर्षं मी तो आळस समजत होते. एका संध्याकाळी हे आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मी गुपचूप सगळी कडी आणि पायपुसणी काढली आणि लेकीला खूण केली. तिने सगळ्यात मोठ्या झांजेवर असा फटका मारला की माझ्या दाढा हलल्या.

ह्यांनी पान उलटलं. "सुरू कर की गं, कधीची वाट बघतोय."

आम्ही मायलेकी आधी तोंड दाबून हसलो. मग लेक रडायलाच लागली, आणि मलाही हसवेना.

सांगितलं तर दोन दिवस रुसून बसले. "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता." शेवटी लेकीने विचारलं, "बाबा, गेल्या वर्षी स्टेजवर मी शेवटी नुसत्या झांजा वाजवत होते. तुम्ही मधेच टाळ्या का वाजवल्यात?"

"मला वाटलं, संपलं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी न सांगता डॉक्टरांकडे गेले.

कानात यंत्र घालून आले ते दारातच दचकले. मी फक्त चहा विचारला होता. "तू रोज एवढी ओरडतेस?"

"तुमच्यामुळेच सवय लागलीय!"

मग लेकीने त्यांची सगळी कडी पुन्हा चढवून झांज वाजवली. हे खुर्चीतून उडालेच. "बंद कर आधी! कसं सहन केलं गं त्या बाईंनी?" आणि तडक खाली माफी मागायला गेले.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी नव्या कानांनी काम केलं. कापलं, बांधलं, वाजवलं, पुन्हा सोडलं. शेवटी झांज टेबलावर पेन आपटावं इतकीच टिकटिकायला लागली. बाईंनी तीन दिवस खालून कान लावून ऐकलं आणि मुदत मागे घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

ह्यांचं मात्र समाधान नव्हतं. ते पुन्हा खाली गेले आणि बाईंनाच घेऊन वर आले. "पाच मिनिटांची परवानगी काढलीय," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने एकेक कडं सोडवलं. "तो स्टेजवरचा शेवट वाजव."

लेकीने वाजवला. बाईंनी कान झाकले, पण गेल्या नाहीत. शेवटचा फटका पडला, घुमला, विरत गेला. मी टाळीसाठी हात उचलले, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. अजून वाजतंय."