आधी तुम्ही

“पुन्हा बसलं,” अंतरानिगकाका स्वीडनहून म्हणाले आणि त्यांनी व्हायोलिनचा गज खाली ठेवला. “नवार, तुझं यंत्र पुन्हा पेंगायला लागलं बघ.”

“यंत्र नाही पेंगत, काका. तुम्ही पेंगता.”

“मी? मी तर हाजींसाठी थांबलो होतो.”

लॅपटॉपच्या दुसऱ्या चौकटीत हाजी बशीर दिसत होते. तुर्कस्तानात अंतेपला, मुलीच्या स्वयंपाकघरात, मांडीवर कानून हे तारांचं वाद्य घेऊन बसलेले. त्यांनी तारांवरचे हात उचलले. “आणि मी अबू नवारसाठी थांबलो होतो. त्यांच्या ठेक्याआधी मी तार कशी छेडणार?”

अबू नवार म्हणजे नवारचे वडील, माझे सासरे. खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसले होते, हातात झांजांची खंजिरी. “अरे गाढवांनो,” ते म्हणाले, “मी तुमच्यासाठीच थांबलो होतो!”

तिघं म्हातारे पोट धरून हसले. माझा नवरा नवार तेवढा हसला नाही. त्यानं आपला ऊद, ते गोल पोटाचं तंतुवाद्य, भिंतीला टेकवला आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

माझ्या नवऱ्याला तीन धंदे आहेत आणि तिन्ही बसून करायचे आहेत, असं माझी आई म्हणते. दिवसभर तो सॉफ्टवेअर लिहितो, संध्याकाळी ऊद वाजवतो आणि अधूनमधून परिषदांत भाषणं ठोकतो. भाषण उभ्यानं करतात हे आईला सांगून उपयोग नाही. गेली काही वर्षं हे तिन्ही धंदे एकाच वेडापायी चालले होते. वेगवेगळ्या शहरांतल्या माणसांना एकत्र वाजवता यावं असा प्रोग्राम त्याला करायचा होता. जगाला तो सांगायचा की संगीतासाठी. खरं कारण पलंगावर बसलं होतं.

सीरियात, अलेप्पोत असताना ही मंडळी दर गुरुवारी हाजी बशीरांच्या घरी जमायची. युद्धात अलेप्पो सुटलं आणि ज्याला ज्या दारात जागा मिळाली तिथे तो शिरला. आम्ही जॉर्डनमध्ये अम्मानला राहिलो. रमजानात सासऱ्यांना झटका आला, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की या हृदयाचा आता भरवसा धरू नका. घरी आल्यावर सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली. बैठकीच्या सुरुवातीला ते समाई नावाची जी रचना वाजवत, ती या दोघांबरोबर एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. ही रचना संथ चालते आणि शेवटी एकदम उड्या मारत धावते. आमचे म्हातारे त्या उड्यांपर्यंत कधी पोचतच नव्हते.

दर शुक्रवारी, नमाज आणि जेवण उरकलं की हा खेळ सुरू व्हायचा. जेवताना सासरे मला टोमणा मारायचे, “हनादी, तुम्हा जॉर्डनच्या लोकांना दह्याशिवाय काही शिजवता येत नाही का गं?” मी म्हणायचे, “अम्मो, तिसऱ्यांदा वाढून घेताय, तेव्हा जरा हळू बोला.” मग लॅपटॉप उघडायचा, समाई सुरू व्हायची, हळू व्हायची, आणखी हळू व्हायची आणि बसायची.

नवारनं मला समजावून सांगितलं होतं. आवाज जायला-यायला जरासा वेळ लागतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा मागे पडलाय. बेफिकीर माणूस आपलं दामटत राहतो आणि गाडी चालते. ही माणसं मात्र मागे पडलेल्याला सोबत घ्यायला पावलं आवरतात. तिघंही आवरतात.

“मग सांग ना त्यांना, थांबू नका म्हणून,” मी म्हटलं.

त्यानं सांगून पाहिलं. हाजी बशीर दुखावले. “बेटा, पाहुणा दारात बूट काढत असताना आपण जेवायला बसतो का?”

पुढच्या आठवड्यात अम्मानच्याच एका हॉटेलात परिषद होती. इस्त्रीचा शर्ट घालून नवार व्यासपीठावर उभा राहिला. बैरूतमध्ये बसलेल्या एका गिटारवाल्या मुलीबरोबर त्यानं ऊद वाजवला आणि दोघं एका खोलीत असल्यासारखे धावले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटी कुणीतरी विचारलं, “या प्रोग्राममध्ये अजून काही दोष उरलाय का?”

“एकच,” नवार म्हणाला. “माणसं एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणायला लागली की तो चालत नाही.”

सभागृह हसलं. पहिल्या रांगेत मी बसले होते, मला काही हसू आलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, “हनादी, मला याहून काही जमणार नाही. तार समुद्राखालून जाते. तिला काय शिव्या घालू?”

मी भूगोल शिकवते. स्वीडन किती लांब आहे ते मला कुणी सांगायला नको होतं. पण हा माणूस कधी कशाला ‘जमणार नाही’ म्हणाला नव्हता, आणि ते ऐकून मला भीती वाटली.

तरी शुक्रवारी त्यानं एक युक्ती काढलीच. कॉम्प्युटरच एकसारखा ठेका देईल आणि तिघांनी कुणाकडेही लक्ष न देता त्याच्याबरोबर चालायचं. टक, टक, टक सुरू झालं. सासऱ्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

“हा कोण?”

“कॉम्प्युटर आहे, बाबा.”

“याला आमच्यात कुणी बोलावलं? श्वाससुद्धा घेत नाही मेला. बंद कर.”

“बाबा, याच्याबरोबर वाजवलंत तर शेवटपर्यंत जाल. एकदाच ऐका माझं.”

“पोहोचलो तरी याच्याबरोबर पोहोचलो असं होईल,” सासरे म्हणाले. आवाज थकलेला होता, पण चिडलेला नव्हता. “मला त्यांच्याबरोबर जायचंय, बाळा.”

नवारनं ठेका बंद केला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता. त्यानं ऊद मांडीवर घेतला.

समाई सुरू झाली. त्या दिवशी सासऱ्यांचा हात हलका चालत होता. अंतरानिगकाकांचं व्हायोलिन आलं, कानून आलं, आणि पहिला भाग ठीक पार पडला. नवारनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले, हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवायचं विसरले. दुसरा भाग गेला. तिसऱ्यात नेहमीसारखी चाल मंदावली. खंजिरीचे ठोके लांब लांब पडू लागले आणि ते दोघंही तिकडे तसेच थांबत, सांभाळत येत होते. मी मनात म्हणत होते, चला ना, थोडंच उरलंय.

एक ठोका पडला. पुढचा आला नाही.

खंजिरी रजईवर टेकली, झांजा जराशा वाजल्या आणि गप्प झाल्या. सासऱ्यांची मान उशीवर कलली होती. मी भांडं टाकून धावले. नाकाशी हात धरला, छातीला कान लावला. मग नवारकडे पाहून नुसती मान हलवली.

तो जागचा हलला नाही. बोटं उदाच्या तारांवर होती तशीच राहिली. पलंग लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला दिसत नव्हता, त्यांना फक्त नवार दिसत होता.

“नवार?” अंतरानिगकाका म्हणाले. “आवाज गेला का रे? लाइन अडकली?”

“घाई करू नकोस,” हाजी बशीर त्यांना दटावून म्हणाले. “अबू नवार घेतील आता. आपण थांबू.”

सगळ्या परिषदांत छाती ठोकून माझा नवरा सांगत आला होता की त्याच्या प्रोग्राममध्ये आवाज अडकत नाही. 

“हो काका,” तो म्हणाला. “लाइनच अडकलीय. थांबा थोडं.”

“थांबलोय, बाळा,” हाजी म्हणाले. “सावकाश होऊ दे.”

मी सासऱ्यांचे डोळे मिटले. पडद्यावर अंतरानिगकाकांनी गज तारांना टेकवून धरला होता आणि हाजी बशीरांची बोटं कानूनवर तरंगत होती. दोघं कान देऊन बसले होते. आधी कुणीच सुरुवात केली नाही.