स्वच्छ रान

"बाबा, ठेवा ते खाली," लेक म्हणाली, तसे म्हाताऱ्याने हातातले गव्हाचे काड आणखी घट्ट कवटाळले.

सकाळपासून त्याने अर्ध्या रानातले काड वेचून बांधावर नेले होते. गहू कापल्यावर ते जमिनीवर तसेच पसरून ठेव, नांगर घालू नकोस, असे मीच तिला वर्षभर पढवले होते. उघडी माती दर पावसात ओढ्याला जात होती. गेल्या वर्षी तर खालचा मुरूम दिसायला लागला.

"काका, यंदा शेवटचं," ती मला म्हणाली. "नाही जमलं तर उरलेली माती वीटभट्टीवाल्याला देऊन टाकते. त्याच्या चकरा चालूच आहेत."

"बाबांना समजावून सांग ना."

"रोज सांगते, रोज विसरतात. एकदा कोंडून ठेवलं, तर दिवसभर दार वाजवत होते."

मी म्हाताऱ्याजवळ गेलो. "कशाला एवढा त्रास घेता?"

"साहेब येणारेत बघायला. रान कसं फरशीसारखं पाहिजे. खोल नांगरायचं, उरलंसुरलं पेटवून द्यायचं. एक काडी दिसता कामा नये."

शब्द माझे होते. चौतीस वर्षांपूर्वी, शेतीखात्यात नोकरीला लागल्या लागल्या, याच बांधावर उभा राहून मी ते ठणकावून सांगितले होते. बाकीच्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले, म्हणून त्यांच्या जमिनी वाचल्या. याने एकट्याने ऐकले. पुढे खात्याची पत्रके बदलली, मीही बदललो. तो चोविशीतला दीडशहाणा मात्र या माणसाच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता, आणि त्याला काही केल्या वय होत नव्हते. मला त्याची भीती वाटली.

"अहो, मीच तो साहेब," मी म्हणालो.

त्याने माझे टक्कल न्याहाळले. "थट्टा करता काय? साहेब तरणेबांड आहेत. केस काळेभोर."

"बरं. साहेबांचा निरोप आणलाय मी."

तो ताठ उभा राहिला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, चुकलं माझं. काड रानातच राहू द्या."

लेक आमच्याकडे बघत होती.

"त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलंय. काही चुकलेलं नाही." आणि तो पुन्हा वाकून वेचायला लागला.

"राहू द्या, काका," लेक म्हणाली. "माती गेली तर गेली. पुन्हा नाही कोंडणार मी त्यांना." भट्टीवाल्याला फोन लावत ती घराकडे वळली.

म्हाताऱ्याने एक भारा माझ्यापुढे धरला. "आलाच आहात, तर एवढं बांधावर ठेवा. साहेब यायच्या आत आवरायला हवं."

मी तो घेतला आणि बांधावर नेऊन ठेवला.