पाळण्याचं माप

सुताराच्या घरात एक पाळणा होता आणि त्या पाळण्यापुढे कुणाचं काही चालत नसे. सुताराच्या आजोबांनी तो दाराआडच्या कोपऱ्यात बसेल एवढाच केला होता. पुढे घरातलं प्रत्येक बाळ त्यात मावलं, शिवाय पायथ्याशी उशी ठेवण्याइतकी जागा उरली. त्यावरून सुतारानं ठरवून टाकलं की घराण्याची बाळं याच मापाची असतात. माप कोपऱ्याचं होतं, हे तो सोयीनं विसरला होता.

मुलाचं लग्न झालं तसं सुतारानं पाळणा घासून पॉलिश केला आणि तयार मालाला गिऱ्हाईक कधी येतंय याची वाट बघत बसला. हात थरथरायला लागायच्या आत त्याला नातवंडाला झोका द्यायचा होता. हे तो बायको सोडून कुणाला बोलला नव्हता. बायकोला रोज बोलत होता.

इकडे सून जिना चढताना धाप लागून मधल्या पायरीवर बसायची. एक दिवस ती आपणहून डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि गोळ्या घेऊन आली.

"रक्त कमी आहे, वजनही कमी आहे," तिनं जेवण वाढता वाढता सांगितलं. "आईच्या अंगात आधी असेल, तर बाळाच्या अंगाला लागेल, म्हणाल्या. वर्षभर तब्येत भरून काढा, मग बाळाचं बघा."

"बाळाचा पत्ता नाही आणि औषध सुरू?" सुतार म्हणाला. "दिवस गेले की खाऊ घालू की. तेव्हा कोण अडवतंय?"

"बाबा, तुम्ही लाकूड कधी वाळवता? टेबल झाल्यावर?"

दुकानामागे सुताराच्या फळ्या वर्ष वर्ष वाळत पडलेल्या असत आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो स्वतः वाटेला लावत असे. मुलगा ताटात बघून हसला. सुतारानं त्याला पाणी आणायला पिटाळलं.

गोळ्या गिळणं सोपं होतं. पण त्या घरात बायका शेवटी जेवत, म्हणजे भांड्यात उरेल ते जेवत. दुसऱ्या दिवशी सुनेनं सगळ्यांबरोबर आपलं ताट मांडलं.

"आई, तुम्हीपण बसा. मला एकटीला कसंतरी वाटतं."

"मी बसले तर वाढणार कोण?" सासू म्हणाली.

"हात सगळ्यांना आहेत."

सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. खरंच होते.

वर्ष गेलं. सून न बसता जिना चढू लागली. सासूचे गालही वर आले, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सुतार रोज पाळण्यावरची धूळ पुसे आणि सुनेला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडे.

मग दिवस गेले, भरले आणि मुलगी झाली.

"हवी तेवढी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार मोठी बाळंही नको असतात."

घरी आल्यावर सुतारानं नातीला पाळण्यात ठेवलं. डोकं या फळीला, पाय त्या फळीला. नातीनं अंग ताणलं आणि घराण्याच्या मापाला लाथ मारली.

सुतारानं टेप काढून पाळणा मोजला. मग नात मोजली. मग पुन्हा पाळणा.

"लाकूड आक्रसलंय," तो म्हणाला.

"लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत नाही. लग्न झाल्यापासून ऐकतेय." बायको दुपट्यांच्या घड्या घालत होती, तिनं वर पाहिलं नाही. "पाळणा होता तेवढाच आहे. मी उरलेलं जेवत होते, मुलंही उरल्यासुरल्या मापाची झाली. थोरली लेक तर टोपीत बुडायची. पहिला हिवाळा काढते की नाही, म्हणून मी तिला छातीशी घेऊन बसायचे."

"तेव्हा बोलली नाहीस."

"तेव्हा मलाही घराण्याचं मापच वाटायचं."

सुतार दुकानामागे गेला आणि बराच वेळ फळ्यांवर टिचक्या मारत राहिला. चांगली वाळलेली एक लांब फळी त्यानं बाजूला काढली. जेवायला हाक आली तेव्हा आला, हात धुतले आणि बायकोचं ताट मांडलंय का ते पाहिलं. मांडलेलं होतं. तरी त्यानंच डाव उचलला आणि तिला वाढायला लागला.

"अहो पुरे. आता माझं कसलं बाळंतपण," ती म्हणाली.

"असू दे," सुतार म्हणाला आणि आणखी एक डाव वाढला.