पायाचं निमित्त

आत्याचा डावा पाय लहानपणापासून गुडघ्यात वाकत नसे. क्लच दाबायचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षांपूर्वी तिच्या दादाने कुठून तरी ही चिमुकली गाडी पैदा केली, तीही आधीच म्हातारी. तिला गिअर नव्हते. इंजिनाची ताकद दोन रबरी पट्ट्यांवरून मागच्या चाकांना जायची. दांडी पुढे ढकलली की पुढे, मागे ओढली की मागे, आणि मागेही तितक्याच वेगाने! गल्लीने पोटभर हसून घेतलं. मेकॅनिक म्हणाला, "ही तर शिलाई मशीन, चाकं लावलेली." आत्या कपडेच शिवायची, तिला ते मुळीच झोंबलं नाही.

"या डबड्यासाठी एवढा हट्ट कशाला?" असं कुणी विचारलं की उत्तर तयार असे. "पाय आहे ना असा. नाइलाज आहे." तळमजल्यावरची खोली, खिडकीजवळची खुर्ची, आयुष्यात जे काही मिळालं ते तिने पायाच्या नावावरच मागितलं होतं.

आता दादा नव्हता. पट्टे झिजले होते, नवे मिळत नव्हते. जुन्या गाड्या जमवणारे एक डॉक्टर रविवारी गाडी न्यायला येणार होते. दादाची लेक आदल्या दिवशीच आपली नवीकोरी गाडी घेऊन आली.

"आत्या, चालवून तर बघ. हल्ली बिनक्लचच्या गाड्या हव्या तितक्या मिळतात."

आत्याने चालवली. गाडी लोण्यासारखी पळाली. शोधूनही खोट सापडेना, तेव्हा मात्र तिचं धाबं दणाणलं. आता नाइलाज म्हणून सांगायचं तरी काय?

रविवारी डॉक्टर आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, खाली वाकून त्यांनी पट्टे पाहिले.

"किल्ली दे ना, आत्या," भाची म्हणाली. "आता तुझं काही अडत नाही."

"नाही अडत," आत्या म्हणाली, पण किल्ली मुठीतच राहिली. "हिचा वेग वाढतो, पण इंजिन एकाच सुरात गुणगुणत राहतं. फार बरं वाटतं गं मला तेव्हा."

आत्याचे कान तापले होते, तरी ती डॉक्टरांकडे वळली.

"तुमच्याकडे पट्ट्यांची जोडी असेल तर मला द्याल?"

"पायामुळे अडचण होते का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"नाही हो," आत्या म्हणाली. "मला हवी आहे."