अजून एक चिमूट

इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून ती घरी आली, की पहिली पाच मिनिटं दाराशी ठेवलेल्या स्टुलावर नुसती बसून राहायची. चपला काढायचंही जिवावर यायचं. चादरीच्या घडीला दोन बायका लागतात. टोकं जुळवायची, पुढे यायचं, टोकं दुसरीच्या हातात द्यायची, मागे जायचं. दिवसाला तीनशे चादरी धरल्या, तर ती रोज कुठल्यातरी गावाला चालत जाऊन परत येत होती, आणि गाव काही दिसत नव्हतं.

आतून नवऱ्याचा आवाज यायचा, "आलीस का?"

"नाही, अजून वाटेत आहे."

"मग येताना आलं घेऊन ये. संपलंय."

आलं तिच्या पिशवीत असायचंच. आलं, लसूण, वाळलेल्या लाल मिरच्या, व्हिनेगर. गेले दोन महिने पिशवीत दुसरं काही मावतच नव्हतं.

तिचा नवरा सॉसच्या कारखान्यात एकतीस वर्षं होता, चवखोलीत. बाटलीत भरण्याआधी प्रत्येक घाणा त्याच्या जिभेवरून जायचा. सोया सॉस, मिरची-लसणाचा, आंबटगोड. पांढऱ्या चमच्याने थेंबभर घ्यायचा, डोळे मिटायचे, थुंकून कोमट पाण्याने चूळ भरायची, आणि म्हणायचं, "सोडा," नाहीतर "चिमूटभर कमी आहे." तेवढ्यावर पिंपंच्या पिंपं भरली जायची किंवा थांबायची. सगळी गल्ली त्याला चवमास्तर म्हणायची. घरातही जेवणाच्या टेबलावर चार बाटल्या कायम पहाऱ्यावर उभ्या. नूडल्सवर सॉस, भातावर सॉस, उकडलेल्या अंड्यावर सॉस. साधी काकडीसुद्धा या माणसाने कोरडी खाल्ली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून निसटला. उजवा हात अर्धा तास बधिर होता, मग आपोआप ठीक झाला. रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरीण बाईंनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, "हा इशारा होता. पुढच्या वेळी इशारा येईलच असं नाही. मीठ तोडा. त्या बाटल्या आधी घराबाहेर काढा."

तिने त्याच दिवशी बाटल्या काढल्या. आणि त्याच दिवशी देवापुढे निरांजन लावून मनाशी म्हणाली, यांचा रक्तदाब उतरेपर्यंत माझ्या जिभेला मीठ लागणार नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं थोडंच. सकाळच्या डब्यात बिनमिठाचा भात आणि उकडलेली भाजी नेऊ लागली. धोबीखान्यातली जोडीदारीण म्हणाली, "काय गं, पेशंटचा डबा चोरलास का?" तिने हसण्यावारी नेलं.

पण बाटल्या गेल्या आणि मास्तरांचं जेवण तुटलं. दोन घास खायचे, ताट सरकवायचे, खिडकीकडे तोंड करून बसायचे. अंगावरचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. तेव्हा एका रविवारी लेक आली आणि बाह्या सरसावून तिने घरचे सॉस शिकवले. वाळवलेले मशरूम भिजवून त्यांचं काळं पाणी आटवायचं, त्यात आलं, लसूण, मिरी, गुळाचा खडा, व्हिनेगर; हा सोयाच्या जागी. लाल मिरच्या भिजवून लसणाबरोबर वाटायच्या, हा तिखट. संत्र्याच्या रसात कॉर्नफ्लॉवर लावून शिजवायचं, हा आंबटगोड.

"आणि मीठ एका बरणीला पाव चमचा," लेक म्हणाली. "त्याच्यावर एक कण नाही. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. हा सॉस आहे का पायाला लावायचा लेप आहे, ते आधी सांग."

"दोन्ही. उरला तर पायाला लावा."

लेक तिच्या घरी गेली, आणि रोजचं काम हिच्या गळ्यात पडलं. घरचं टिकत नाही, दर तीन दिवसांनी ताजं करावं लागतं. आठ तास चादरी, मग ओट्याशी उभं राहून लसूण सोलायचा. मिरचीने बोटं पेटायची, रात्रभर उशीखालीसुद्धा गार व्हायची नाहीत. पहिल्या दिवशी सॉस शिजला आणि ती चमचा हातात धरून थबकली. चव बघायची तर जिभेला मीठ लागणार.

"अहो," तिने हाक मारली, "जरा बघता का?"

मास्तर खिडकीपासून उठले. किती दिवसांनी स्वतःहून उठले. पांढरा चमचा शोधून काढला, थेंब घेतला, डोळे मिटले. तिला क्षणभर वाटलं, कारखान्यातला तो माणूसच स्वयंपाकघरात आला.

"चिमूटभर कमी आहे."

तिने टाकली. पुन्हा चमचा, पुन्हा डोळे मिटलेले. "अजून एक चिमूट."

मग ते पोटभर जेवले. ताट पुसून घेतलं. ते बघून तिच्या पायातली कळ निम्मी झाली. चिमटीत असतं तरी किती, असं तिने स्वतःला समजावलं, आणि तेव्हापासून तोच पायंडा पडला. ती शिजवायची, ते चव घ्यायचे, ती टाकायची. दमलेल्या माणसाचा हात सांगाल तिकडे जातो. चिमटी कधी दोन झाल्या, कधी पाच, चिमटीची मूठ कधी झाली, तिच्या लक्षातही आलं नाही. बाटलीतलं विष घरातून गेलं, आता सगळं घरचं, आपल्या हातचं. एवढंच ती धरून बसली होती.

दोन महिन्यांनी डॉक्टरीण बाईंनी हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. लघवीची तपासणीही करून घेतली होती. कागद त्यांनी दोनदा वाचला.

"काहीच उतरलेलं नाही. मीठ जातंय पोटात. भरपूर जातंय. बाहेरचं खाता का?"

"बाहेर जातोच कुठे मी," मास्तर म्हणाले.

"बाटल्या?"

"एक नाही हो घरात," ती म्हणाली. "सगळं मी घरी करते."

"घरात मीठ किती लागतं मग? पुडा किती दिवस पुरतो?"

ती मनात दिवस मोजायला लागली. घरात मीठ खाणारं माणूस एकच. आणि परवा तिने नवा पुडा फोडला होता, त्याच्या आधीचा पंधरा दिवसांपूर्वी. मास्तर आपल्या चपलांकडे बघत होते.

"आणखी एक महिना बघू," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "त्यात नाही उतरला, तर माझ्या हातात फारसं काही नाही."

घरात शिरल्यावर ती स्टुलावर न बसता थेट आत गेली. सकाळी केलेल्या सॉसची बरणी उघडली. यांच्या जिवासाठी धरलेलं व्रत. मोडलं आणि काही झालं तर? ती देवाच्या फळीकडे वळली. "मी मीठ सोडलं, ते यांचा जीव राहावा म्हणून," ती हलकेच म्हणाली. "आता चाखल्याशिवाय यांचं मीठ कमी कसं करू, तूच सांग." तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

दोन महिने मीठ न लागलेली जीभ ती. तिचे डोळे मिटले, खांदे आवळले गेले. नुसता खार. मशरूम नाही, आलं नाही, लसूण नाही. तिने बरणी मोरीत उपडी केली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

मास्तर दारात उभे होते.

"अहो, हे तुम्हाला कमी वाटत होतं?"

ते तिच्यासमोर पाटावर बसले.

"मला काहीच वाटत नव्हतं," ते म्हणाले. "जीभ गेली माझी. आजची नाही. चवखोलीतून मला निवृत्तीच्या चार वर्षं आधीच काढलं होतं. एक सबंध घाणा मी खारट सोडला. शेवटची चार वर्षं मी झाकणं तपासत होतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? गल्लीत पोरंटोरं चवमास्तर म्हणतात." त्यांनी हात चोळला. "मीठ भरपूर पडलं की थोडं कळतं, काहीतरी खातोय असं. एरवी भिजलेला कागद. तू हाक मारलीस बघायला, तेव्हा बरं वाटलं गं. कुणीतरी विचारलं."

तिला रागवायचं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. ती म्हणाली, "उठा आता. मशरूम भिजत घाला. मला वाकवत नाही."

त्या संध्याकाळी चव तिने घेतली. मीठ पाव चमचा, मोजून. नूडल्स वाढल्या. मास्तरांनी घास घेतला आणि नेहमीसारखं ताट सरकवायला हात लावला.

"थांबा. आधी आंबट येतंय," ती समोर बसून आपल्या ताटलीतलं चाखत म्हणाली. "व्हिनेगरचं. मग गोड, अगदी जराच. मग आलं घशात जातंय."

"घशात नाही म्हणायचं. त्याला शेवट म्हणतात. शेवट लांब आहे का तोकडा?"

"लांब आहे. कानापर्यंत."

"कानापर्यंत कुणाचा जात नसतो." तरी त्यांनी दुसरा घास घेतला. "लसूण?"

"मागे राहिलाय. लाजतोय."

"लसूण लाजत नाही. जास्त शिजवलास तू. उद्या शेवटी टाक." तिसरा घास. तोंड वाकडं करून, औषध घ्यावं तसा, पण घेतला.

असं महिनाभर चाललं. ती थकून यायची, लसूण मास्तर सोलून ठेवायचे, ती चाखायची आणि बोलायची, ते ऐकून खायचे. काही दिवस तिच्याकडे शब्दच नसायचे. "आज नुसतं आंबट" एवढंच म्हणायची, आणि त्या दिवशी ते निम्मंच खायचे. वजन फारसं वाढलं नाही.

डॉक्टरीण बाईंनी पट्टा तीनदा बांधला. "उतरलाय," त्या म्हणाल्या. "पुरता नाही, पण चांगला उतरलाय. काय केलंत ते असंच चालू ठेवा."

"किती दिवस?" तिने विचारलं.

"दिवस कसले? आता कायमच."

जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. असंच, कायम. मास्तर दोन पायऱ्या पुढे उतरले होते. ते वळले, वर आले, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"आजचा मी शिजवतो," ते म्हणाले. "तू फक्त बसून सांग, कधी थांबायचं ते."