वरची आच

गिरगावच्या घरी मनमोहनने विजेचा ओव्हन आणला आणि आईला बटणावरच्या तीन खुणा समजावल्या: खालची आच, वरची आच आणि दोन्ही. समजावून सांगायची त्याला भारी हौस. यशोदाबाईंनी खाली-वर निखारे ठेवून भाजायच्या कोलंबीच्या भानोल्याला खालची आच लावली आणि जन्मभराच्या सवयीने निखाऱ्यांचं झाकण ओव्हनच्या डोक्यावर ठेवून, चिमटा घेऊन त्या निखारे सारखे करत शेजारी बसल्या. ओव्हनचा रंग करपला, भानोलं वरून पांढरंच राहिलं.

पुढच्या खेपेला संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, कोळशाची वखार बंद. त्यांनी नाइलाजाने ‘दोन्ही’ लावलं. भानोलं वर-खाली छान लालसर भाजलं.

“आता पटलं ना?” मनमोहनने विचारलं.

“पटलं,” हातातला चिमटा खाली ठेवत त्या म्हणाल्या. “म्हणजे आता मी इथे बसायला नको.”