ओपल पिकेटसाठी एक गाणं

पिकेटांच्या घरात रेडिओ आला तो देवाच्या कामासाठी. ब्रदर पिकेट अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या कापसाच्या गावात चर्चचे पास्टर, म्हणजे धर्मगुरू. चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. दर रविवारी सकाळी त्यांचं प्रवचन गावच्या रेडिओ स्टेशनवरून जायचं आणि घरच्यांनी ते ऐकायचं. बाकीचे सहा दिवस, हवामान सोडलं तर, रेडिओनं गप्प बसायचं असा नियम. पण नियम करणारा माणूस दिवसभर घराबाहेर असला, की नियमाचे हाल होतात.

१९५६च्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, व्हर्लीननं, हवामानासाठी बटण फिरवलं. आतून ड्रम, गिटार, पियानो आणि जिवाच्या आकांतानं ओरडणारा एक गडी असे सगळे एकदमच बाहेर पडले. व्हर्लीनच्या अंगावर सर्रकन काटा आला. असलं काही तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. आता आई खेकसणार, म्हणून तिनं मान आत घेतली.

आई, म्हणजे ओपल, इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली, खिडकीचा पडदा ओढला आणि नाचायला लागली. घोट्यापर्यंतचा झगा दोन्ही हातांनी उचलून, अंबाडा सुटेपर्यंत नाचली. गाणं संपल्यावर धापा टाकत म्हणाली, "डॅडींना सांगायचं नाही हं!"

मग दर मंगळवारी इस्त्रीच्या वेळी हेच. व्हर्लीनला आठवडाभर दुसरं काही सुचायचं नाही.

तो कार्यक्रम शेजारच्या शहरातल्या स्टेशनवरून यायचा. त्याचा निवेदक लोकांची पोस्टकार्डं वाचायचा. अमक्याकडून तमकीला हे गाणं. अर्ध्या गावाची नावं त्याच्या तोंडून येऊन गेली होती. आईचा वाढदिवस मंगळवारीच येत होता. व्हर्लीननं सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'माझ्या आईसाठी, मिसेस ओपल पिकेट. इस्त्री करताना तिच्याइतकं छान कुणीच नाचत नाही.' डॅडींना तिनं खरोखरच काही सांगितलं नव्हतं.

निवेदकानं ते मोठ्या कौतुकानं वाचलं. ही पास्टरची बायको, हे त्या शहरातल्या बापड्याला कुठलं ठाऊक! ओपल जागच्या जागी थिजली. हातातल्या इस्त्रीखाली पांढरा सदरा करपला.

"आई, तुझं नाव आलं!"

"ऐकलं गं," ओपल म्हणाली. पाच मिनिटांत फोन खणखणायला लागला. तिनं तो उचलला नाही.

त्यांच्या चर्चमध्ये नाच म्हणजे पाप. त्यातून ओपल पंधराव्या वर्षापासून तिथं पियानो वाजवत आलेली. घरी पियानो नव्हता. वाजवायची ती फक्त तिथंच. रविवारी चर्चचा कारभार बघणाऱ्यांतले सगळ्यांत थोरले डीकन, ब्रदर टिडवेल, उभे राहिले. पापी हात देवाच्या पियानोला लागता कामा नयेत, म्हणाले. पुढं येऊन पश्चात्ताप झाला म्हण, नाहीतर पियानो सोड.

ब्रदर पिकेटांचा चेहरा उतरला होता. "पोरीनं मनचंच काहीतरी लिहिलं असेल," ते हळूच म्हणाले. "होय ना, ओपल?"

व्हर्लीन ताडकन उठली. "मी खोटं लिहिलं! आई कधीच नाचली नाही!"

ओपल पियानोच्या बाकावरून वळली. एक 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"खाली बस, व्हर्लीन. माझ्यापायी खोटं बोलायचं नाही." मग ती डीकनकडे वळली. "नाचले मी, ब्रदर टिडवेल. आणि पश्चात्ताप म्हणाल तर होत नाही, काय करू? त्या गाण्यात पियानोचा डावा हात जो ठेका देतो ना, तोच मी इथं दर रविवारी देते. त्याच ठेक्यावर तुम्ही उड्या मारून हालेलुया म्हणता. मी काय तुम्हाला कधी बोलले?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. टिडवेल लालबुंद झाले. व्हर्लीन डॅडींकडे बघत राहिली, आता बोलतील, आता बोलतील. पण त्यांनी बायबल उघडलं आणि पानं चाळत राहिले.

ओपल उठली. चर्चमधलीच एक बाई, सिस्टर मोझेल, पियानोच्या बाकावर जाऊन बसली आणि अडखळत, चुकत एक भजन वाजवू लागली. ओपल लेकीशेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांत चर्चमध्ये आईनं शेजारी बसण्याची ही पहिलीच वेळ. मोझेल चुकली की ओपलचे डोळे मिटायचे. तिनं व्हर्लीनचा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं दुखायला लागली.

"आई, माझा राग आलाय?" व्हर्लीननं कुजबुजत विचारलं.

ओपलनं पियानोवरची नजर काढली नाही.

"आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. पण तू हात सोडू नकोस."